वास ‘येतो’, चव ‘लागते’, तोल ‘जातो’: पेशंटला नेमकं काय विचारावं?

प्रश्न

नागपुरात फिजिओथेरपी शिकते. ओपीडीत उमरेड, काटोल, भंडाऱ्याकडचे बरेच वयस्क पेशंट येतात. त्यांच्यासाठी मराठी प्रश्नावली करायची आहे. वासाला ‘घ्राणसंवेदना’, चवीला ‘रससंवेदना’, प्रोप्रिओसेप्शनला (न बघता हातपाय कुठे आहेत हे कळणं) ‘स्थितिसंवेदन’ असे शब्द मिळाले. पण ‘घ्राणसंवेदना कशी आहे?’ म्हटलं की आजी नुसत्या बघत राहतात. दुसरी अडचण ‘चक्कर’ची. सगळे ‘चक्कर येते’ म्हणतात आणि प्रत्येकाची तक्रार वेगळी निघते. साधे पण नेमके शब्द सुचवा.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं कानाच्या आणि तोलाच्या तपासणीचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. नामं फाइलच्या मथळ्याला राहू द्या, प्रश्न क्रियापदावर उभे करा. आपल्याकडे संवेदनेचं नाव कोणी घेत नाही. वास येतो, चव लागते, काटा टोचतो, तोल जातो.

आधी वास. ‘वास येतो का?’ असं मोघम विचारू नका. ‘वास’ म्हणजे दुर्गंधीही, त्यामुळे समोरच्याला आपल्या अंगाचा वास येतोय असं वाटून तो अवघडतो. वस्तूचं नाव घ्या: ‘फोडणीचा वास कळतो का?’, ‘भाजी करपली तर नाकाला समजतं का?’ गॅसचं तर नक्की विचारा. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. ज्या आजी घरी एकट्या असतात आणि ज्यांना तो वास कळत नाही, त्यांच्या फाइलवर ही नोंद ठळक हवी. कोविडनंतर ‘वास गेला’ हे सगळ्यांना कळतं, पण ‘वास गेला’ आणि ‘वास बदलला’ वेगळं लिहा. कांदा परतताना सडका वास येतो म्हणणाऱ्याचं नाक बंद नाही, ते चुकीचा निरोप देतं आहे.

वासासाठी मराठीत शब्द भरपूर आहेत: खमंग, करपट, कुबट, खवट, आंबूस, उग्र. लोकांना ते वापरू द्या, उत्तर जास्त नेमकं येतं. नाकात वास ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) असतात आणि एकेक वास म्हणजे त्यांच्यातल्या अनेकांची मिळून झालेली जुळणी. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 मध्ये या ग्राहींची जनुकं शोधली, 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

चवीचा प्रश्न इथूनच निघतो. ‘तोंडाला चव नाही’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांची जीभ ठीक असते, वास गेलेला असतो. संत्रा बर्फीचा तुकडा नाक घट्ट दाबून चावून बघा. जिभेवर नुसता गोडवा आणि मागे किंचित आंबटपणा. नाक सोडलं की क्षणात संत्रं हजर, कारण घशाच्या मागून वास नाकात चढतो. म्हणून दोन प्रश्न करा: ‘मीठ कमी-जास्त झालेलं कळतं का?’ हा जिभेचा, आणि ‘वरण कोणतं आणि कढी कोणती हे डोळे मिटून सांगता येतं का?’ यात नाक आलं, आंबटपणापुरती जीभही आली.

प्रतिसाद २

वरच्या दादांना विचारायचं होतं, तिखटाचं काय? आपल्या सहा रसांत तिखट आहे, तुरट आहे. सावजी रस्सा खाणाऱ्याला तिखट ही चव नाही असं कसं सांगणार?

प्रतिसाद १

रास्त प्रश्न. सहा रस म्हणजे मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय. इथे शब्दांची एक गंमत नाही, अडचणच आहे: संस्कृतातला ‘कटू’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. आपला ‘कडू’ त्याच ‘कटू’वरून आला, पण अर्थ उलटा झाला. जुन्या पोथीतलं वाचून पथ्य सांगताना लोक इथे हमखास घसरतात. मिरीला कटू म्हटलंय ते तिखट या अर्थाने, कडुनिंबाला तिक्त म्हटलंय ते कडू या अर्थाने.

आधुनिक शरीरशास्त्र जिभेच्या पाच चवी धरतं: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्श्यासारखी रुचकर चव). उमामी हे नाव किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये दिलं. तिखट त्यात नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन चवीच्या पेशींकडे न जाता दाह ओळखणाऱ्या चेतांना जाऊन भिडतं. त्या चेतांवरचा टीआरपीव्ही1 हा ग्राही एरवी सुमारे 43 अंशांच्या वर उघडतो, कॅप्सेसिन त्याला आधीच उघडतं. मेंदूला निरोप जातो तो भाजल्याचा. म्हणून ‘तिखटाने जिभेची आग झाली’ हे आपलं बोलणं अक्षरशः बरोबर आहे. पाण्याने ती आग जात नाही, कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही. दही घ्या. तुरटाचंही तसंच: जांभूळ किंवा कच्चा आवळा खाल्ल्यावर टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो. तो बराचसा स्पर्शाचा अनुभव आहे. आयुर्वेदाने चुकीचं मोजलं असं मी म्हणणार नाही, त्यांनी तोंडात जे जाणवतं ते सगळं मोजलं.

प्रतिसाद ३

आमच्याकडे पेशंट ‘डोकं फिरून राहिलं’ म्हणतात, त्याचा अर्थ कधी गरगरणं, कधी नुसता वैताग. तेही लक्षात घ्या.

प्रतिसाद १

बरोबर, म्हणून चक्करचा प्रश्न मी तीन तुकड्यांत विचारतो.

‘घर फिरतं का?’ होय म्हटलं तर ‘कशाने?’ कड बदलल्यावर, मान वर करून माळ्यावरचा डबा काढताना, आणि दर वेळी मिनिटभरातच थांबत असेल, तर कानातल्या खड्यांचा संशय धरा. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. ते जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेले की डोकं थांबलं तरी नलिकेतलं द्रव हलत राहतं, म्हणून घर फिरल्यासारखं वाटतं.

‘डोळ्यांपुढे अंधारी येते का?’ हा रक्तदाबाकडे नेणारा प्रश्न. मे महिन्यात ‘ऊन लागलं’ म्हणून येणाऱ्यांना पाणी कमी पडलेलं असतं आणि बाजेवरून झटकन उठले की अंधारी येते. भोवळ, घेरी हे शब्द त्याच्या पुढच्या टप्प्याला ठेवा, माणूस पडण्याच्या बेतात असतो तेव्हा.

‘डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जातो का?’ हा तुमच्या प्रोप्रिओसेप्शनचा प्रश्न. स्नायू आणि सांध्यांकडून पाय कुठे आहे याची खबर मेंदूला जात असते. ती तुटली की माणूस डोळ्यांवर भिस्त ठेवतो, आणि बेसिनपाशी डोळे मिटले की झोकांडी जाते. मधुमेही पेशंटला शेजारी हेही विचारा: ‘चप्पल पायातून निघून गेली तर कळतं का?’ ज्याला कळत नाही तो स्वतःहून सहसा सांगत नाही.

आणि ‘पाय बधिर आहे का?’ या प्रश्नात ‘बधिर’ जरा जपून वापरा. जुन्या पिढीला त्याचा ‘बहिरा’ हा अर्थही माहीत असतो. ‘मुंग्या येतात का’, ‘आग होते का’, ‘जमीन गादीसारखी लागते का’ असं सुटं सुटं विचारा आणि ज्या शब्दाला पेशंटने मान हलवली तोच फाइलमध्ये जसाच्या तसा लिहा.