केबल रिलीजच्या निमुळत्या आट्यांसाठी टॅप कुठून आणू?

फोल्डिंगवाला: वडिलांच्या फोल्डिंग कॅमेऱ्याच्या लीफ शटरवर (लेन्समधल्या पात्यांच्या शटरवर) केबल रिलीज (लांबून खटका दाबायची केबल) लावायचं जे छोटं पितळी सॉकेट असतं, त्याचे आटे मी घालवले. 'बसेल की' म्हणून साधा एम३ स्क्रू पिळला आणि दीड वेढ्यातच पितळेची सोनेरी साल बाहेर आली. आता केबल एक वेढा पकडते आणि दाबली की हातात येते. लेथ आहे. टॅपच्या (भोकात आटे पाडायच्या हत्यारांच्या) संचात 'टेपर टॅप'ही आहे. तो चालेल?

पितळखोर: नाही, ते नाव फसवं आहे. संचातल्या टेपर टॅपची फक्त सुरुवातीची टोकाकडची बाजू उतरती असते, तो पाडतो ते आटे सरळच. पाइपचे १:१६ टेपरवाले टॅप निमुळते असतात खरे, पण सर्वांत लहान एनपीटी (अमेरिकी पाइप-आट्यांचा टॅप) सुद्धा जवळजवळ ८ मिमी जाड. तुझ्या सॉकेटच्या दुपटीहून मोठा.

आधी एखादं मेलेलं लीफ शटर शोध. कित्येकांत सॉकेट वेगळं काढता येतं. नाहीच मिळालं, तर टॅप स्वतः कर. केबलच्या टोकाचे दोन्हीकडचे व्यास आणि मधली लांबी मोज. व्यासांतला फरक भागिले लांबीची दुप्पट, हा अर्ध्या कोनाचा टॅन्जंट. लेथची कंपाउंड स्लाइड (कोनात वळणारी हत्याराची सरक) या अर्ध्या कोनावरच वळव. मी एकदा पूर्ण कोन लावून दिवस घालवला होता. पण कंपाउंड वळवून फक्त सुळका होतो, आटे नाही, कारण आटे पाडताना लीडस्क्रू (लेथचा लांब चालक स्क्रू) कॅरेजला, म्हणजे हत्याराच्या गाड्याला, अक्षाला समांतरच नेतो. टेपर अटॅचमेंट (हत्याराला उतारावर नेणारी जोडणी) नसेल तर चक (काम धरणारा जबडा) हाताने फिरवत क्रॉस स्लाइड (हत्याराची आडवी सरक) जरा जरा मागे घे. हत्यार मात्र अक्षाला काटकोनात, सुळक्याला नव्हे. मग कानशीने खाचा पाड, लालबुंद करून पाण्यात विझव, मग पुन्हा हलकं तापवून वाळल्या गवताच्या फिक्या पिवळ्या रंगावर पाणी उतरव, म्हणजे कडकपणा थोडा कमी कर.

जुनीनजर: टॅप एका दमात खोल घालू नकोस. निमुळत्या आट्यांत खोली वाढली की भोकही रुंदावतं. केबलचं टोक आत घुसतं आणि केबलची पिन शटरचा खटका सतत दाबून धरते. अर्धा वेढा, काढ, केबल लावून बघ. (निकॉन एफ आणि एफ२ वाल्यांनी हे वाचूच नये, त्यांचे आटे बटणाभोवती बाहेरून असतात.)

फोल्डिंगवाला: मेलेलं शटर माझ्याच खोक्यात होतं. सॉकेट दोन बारीक स्क्रूंवर निघालं. पिन थोडी अपुरी पडतेय, बसण्याची जागा किंचित घासून बघतो.