हिरवं कार्ड आहे, पण शेवटच्या नळाला क्लोरीन आहे का?

पाणवठा (धागाकर्ता)

आठ-दहा हजार वस्तीच्या, आठवडी बाजाराच्या गावात पाण्याची तक्रार केली की ग्रामपंचायत हिरवं कार्ड दाखवते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, स्वच्छता सर्वेक्षण होतं. विहिरीचा कठडा, गळत्या, व्हॉल्व्हचे खड्डे, टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) साठा बघून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं आणि साथ नाही, तर चंदेरी. हे सगळं जोखमीचं मोजमाप झालं, आज सकाळी नळाला आलेल्या पाण्याचं नव्हे.

रोजची ओटी टेस्टही (पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो) टाकीजवळच्या नळावर उरकली जाते. तिथे पिवळा रंग येणारच. दर लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं ते शेवटच्या घराच्या नळाला.

बाटलीबंद पाणी विकणाऱ्याला कायदा आहे. नळाच्या पाण्याचं आयएस 10500 हे मानक मात्र पुरवठा करणाऱ्यावर बंधनकारक नाही. ते करा, आणि नमुना नापास झाला तर दंड लावा. चर्चा व्हावी.

तुरटीफिरवा

साफ असहमत. दंड आला की रजिस्टर आणखी सुवाच्य होईल, बाकी काही नाही. आजही नमुना कसा पास करायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे. जैविक तपासणीच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असतं ते पाण्यातलं क्लोरीन मारण्यासाठी. साध्या बाटलीत नमुना भरला की क्लोरीन प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात जंतू मारत राहतं आणि अहवाल येतो "पिण्यास योग्य". उलट, नमुना बर्फाविना दिवसभर एसटीत फिरला तर त्याचाही अहवाल भरवशाचा नाही. दंड कुठल्या आकड्यावर लावणार?

आणि नापास झाल्यावर काय होतं? दुप्पट टीसीएल टाकून फेरनमुना, तो पास, फाइल बंद. गळती तिथेच.

पंपहाऊस

दोघांनी कागदावरच भांडायचं ठरवलंय. जरा टीसीएलच्या गोणीकडे या.

ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. 1000 लिटरला 5 ग्रॅम हा सगळ्यांना पाठ असलेला हिशोब, म्हणजे लाखाच्या टाकीला अर्धा किलो. ताज्या पावडरीने दर लिटरला 1.65 मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं, 20 टक्केवालीने 1. गोणीचं तोंड उघडं ठेवून ती पंपाच्या खोलीत ओलीला पडली आणि 12 टक्क्यांवर आली, की त्याच अर्ध्या किलोत 0.6 मिलिग्रॅम. पावसाळ्यातलं गढूळ पाणी तेवढं टाकीतच खाऊन टाकतं. शिपायाने माप बरोबर टाकलेलं असतं, तरी शेवटच्या गल्लीत ओटीला रंग येतच नाही.

पद्धतही बघा. प्लास्टिकच्या बादलीत (लोखंडी नको) पावडरीची लापशी करायची, पाणी घालून ढवळायचं, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकी भरत असतानाच सोडायची. भरल्यावर नुसती पावडर वरून भिरकावली तर ती तळाशी बसते आणि डोझर (क्लोरीन सोडणारं यंत्र) असेल तर तोही तुंबतो. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. इथेच खरी गोची आहे. वीज रात्री मिळते, टाकी पहाटे भरते आणि लगेच व्हॉल्व्ह फिरतो. दुसऱ्या भरणीला तर टीसीएल टाकायला कुणी नसतंच.

पाणवठा

@पंपहाऊस, हिशोब पटला. पण तो तपासणार कोण? सक्ती नसेल तर कोणी विचारणारच नाही.

पंपहाऊस

खरेदीचं बिल विचारा. माणशी 55 लिटर धरले तर 9000 वस्तीला दिवसाला जवळपास पाच लाख लिटर, म्हणजे अडीच किलो टीसीएल. 25 किलोची गोणी दहा दिवस पुरते, वर्षाला 36-37 गोण्या. बिलात 12 दिसल्या तर ओटीच्या रजिस्टरमधले रोजचे "पॉझिटिव्ह" कुठून आले हे ग्रामसभेत कोणीही विचारू शकतो. त्याला नवा कायदा लागत नाही. पैसे नाहीत हेही ऐकून घेऊ नका. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला 30 टक्के हिस्सा पाण्यासाठीच बांधून दिलेला होता.

खडकाळ

क्लोरीनच्या नादात रसायनं विसरू नका. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या फ्लोराइडवाल्या बोअरमध्ये कितीही टीसीएल घाला, फ्लोराइड हलत नाही. मर्यादा दर लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. नायट्रेटला 45 च्या वर सूटच नाही, आणि पाणी उकळलं तर त्याचं प्रमाण उलट वाढतं. अशा गावांत आरओचं एटीएम बसवा आणि विषय संपवा.

तुरटीफिरवा

@खडकाळ, फ्लोराइडच्या गावापुरतं मान्य. पण आता जिथे फक्त गळती आहे तिथेही आरओ बसतोय. आरओच्या आधीच्या कार्बन फिल्टरमध्ये क्लोरीन निघून जातं. मग ते पाणी वीस लिटरच्या न धुतलेल्या जारमध्ये दोन दिवस राहतं आणि त्यात पेला बुडतो. संरक्षण शून्य. शिवाय आत घेतलेल्या पाण्यातलं बरंच गटारात जातं, तेही टंचाईच्या गावात.

दिवसातून तासभर पाणी सोडलं की उरलेले तेवीस तास पाइप रिकामा. त्यात घराघरांत नळाला थेट मोटर लावलेली. मोटर ओढते तेव्हा फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत येतं. हे ना कार्डात दिसतं, ना आरओने थांबतं.

पाणवठा

मोटर जप्त करायचा ठराव दर वर्षी होतो, अंमल शून्य. ठीक आहे, दंडाचा मुद्दा बाजूला ठेवतो. पण ओटीची जागा तरी ठरवायला हवी ना?

पंपहाऊस

ती ठरवा. प्रत्येक व्हॉल्व्हवरचं शेवटचं घर, पाणी सुटल्यावर दहा मिनिटांनी. ओटी टाकल्यावर रंग दहा सेकंदांत वाचायचा. पाच मिनिटांनी बघितला तर पाण्यातल्या इतर द्रव्यांशी बांधलं गेलेलं क्लोरीनही पिवळं दिसतं आणि आकडा फुगतो. जमलं तर ओटीऐवजी क्लोरीन तपासायच्या डीपीडीच्या गोळ्या वापरा, गुलाबी रंग येतो, आणि ऑर्थोटोलिडीन हाताळावं लागत नाही, ते विषारी आहे. आणि पहिल्या पाच मिनिटांच्या पाण्याचा एक नमुना वेगळा घ्या. गळती कुठल्या गल्लीत आहे ते तोच सांगतो.