‘ज्युरासिक पार्क’ पुन्हा पाहिला तेव्हा… (अनुभव धागा)

परवा लेकीला ‘ज्युरासिक पार्क’ दाखवला. ती नऊ वर्षांची. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अकरा वर्षांचा होतो. १९९४ साल, हिंदीत डब झालेला, पुण्यातलं एकपडदा थिएटर, बाल्कनीची तिकिटं काकाने काढलेली. स्वयंपाकघरातला प्रसंग सुरू झाला तसे मी पाय खुर्चीवर घेतले, ते सिनेमा संपेपर्यंत खाली सोडले नाहीत. खुर्चीखाली रॅप्टर असला तर?

लेकीने त्याच प्रसंगात चिवडा खाता खाता विचारलं, “बाबा, ह्यांना पिसं का नाहीत?”

तिच्या पुस्तकातला व्हेलॉसिरॅप्टर टर्की कोंबड्याएवढा आणि अंगभर पिसांचा. बरोबर आहे तिचं. पिसांचे ठसे असलेला डायनासोर चीनमध्ये १९९६ साली उजेडात आला, व्हेलॉसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं रुतल्याच्या खुणा २००७ मध्ये मिळाल्या, आणि सिनेमा १९९३ चा. त्यांना तरी कुठून माहीत असणार? पण खरं सांगतो, मला थोडा रागच आला. एवढी वर्षं जपून ठेवलेल्या भीतीचा पार पचका झाला.

म्हणून हा धागा. ज्यांनी तेव्हा पाहिला आणि हल्लीच पुन्हा बघितला त्यांनी लिहा. तारे-बिरे नकोत, गोष्टही सांगू नका, सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा दिसलं नव्हतं आणि आता दिसलं, असं काय?

डोंबिवली, डेटाबेस सांभाळतो

माझं उत्तर एका शब्दात: नेड्री.

शाळेत असताना पार्कचे कॉम्प्युटर सांभाळणारा तो जाडा, चष्मेवाला, टेबलभर चॉकलेटची वेष्टणं पसरलेला माणूस म्हणजे निव्वळ खलनायक. त्याला थुंकणाऱ्या डायनासोरने खाल्लं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आता बावीस वर्षं नाइट शिफ्ट केल्यावर बघतो तर हा माणूस पहिल्याच भांडणात काय म्हणतोय? अख्खं पार्क एका खोलीतून तीन दिवस चालेल एवढं ऑटोमेशन मी केलंय, वीस लाख ओळींचा कोड निस्तरतोय, आणि ह्या पैशात दुसरा कोण मिळतो ते दाखवा. त्यावर मालक काय म्हणतात, तर तुझ्या पैशांच्या अडचणी तुझ्या. हेच मालक सिनेमाभर ‘कशातच कसर ठेवली नाही’ म्हणून सांगत हिंडतात! कसर नेमकी कुठे ठेवली होती ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही पहिल्या वीस मिनिटांत कळेल.

त्याने डायनासोरचे भ्रूण चोरले त्याचं समर्थन करत नाहीये. पण एका माणसाच्या डोक्यात सगळी सिस्टिम, हँडओव्हर नाही, दुसऱ्या कुणाकडे पासवर्ड नाही, आणि वर वादळ येतंय म्हणून निम्मा स्टाफ बोटीने परत पाठवलेला. मी जिथे होतो त्या एका कंपनीत (नाव नको) अशीच एक रात्र काढली आहे. ज्याने सगळं बांधलं तो पगारावरून भांडून निघून गेला होता, आणि पहाटे तीनला आम्ही चौघं त्याने लिहिलेल्या स्क्रिप्टकडे शिलालेख वाचावा तसे बघत होतो.

आता खरी गंमत. नेड्रीने पळताना बहुतेक कुंपणांची वीज घालवली, पण रॅप्टरच्या कुंपणाला हात लावला नव्हता. तेवढी अक्कल त्याला होती. ती वीज गेली कधी? जबाबदार, प्रामाणिक माणसांनी त्याचा घोळ निस्तरायला अख्खी सिस्टिम बंद करून पुन्हा चालू केली तेव्हा! सिस्टिम उठली, पण ब्रेकर ट्रिप झाले ते लांबच्या शेडमध्ये, हाताने चढवायचे. बंद करायच्या आधी कुणी विचारलंच नाही की बाबा, बंद केल्यावर आणखी काय काय बंद होईल. लहानपणी हे डोक्यावरून गेलं होतं. ह्या वेळी मी सोफ्यावरून ओरडलो, “अरे, आधी लिस्ट करा!” बायको आतून धावत आली.

(आणि मालकांची नात ‘हे युनिक्स आहे, मला येतं’ म्हणते त्यावर सगळे हसतात. हसू नका. ते फाइली घरांच्या ठोकळ्यांसारख्या त्रिमित दाखवणारं प्रकरण खरं होतं, सिलिकॉन ग्राफिक्सच्या मशिनवर चालायचं.)

सातारा, निवृत्त शिक्षिका

मी हा सिनेमा १९९४ साली शाळेची सहल म्हणून पाहिला. म्हणजे पाहिला कसला, साठ मुलं मोजत बसले होते. अंधारात कोण रडतंय, कोणाला ‘जाऊन यायचंय’, ह्यातच अडीच तास गेले. आत्ता नातवाने लावून दिला तेव्हा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने बघितला म्हणायचा.

मला आजोबा दिसले. पार्कचे मालक, हॅमंड. काम करणारे रिचर्ड ॲटनबरो, म्हणजे आपला ‘गांधी’ काढणारे. त्याआधी सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त ते इंग्रज जनरल होते, तेव्हा गृहस्थ आपल्याला परके नाहीत. मुलाने आणखी एक सांगितलं: १९८३ च्या ऑस्करला ‘गांधी’ने ज्यांना मागे टाकलं त्यात स्पिलबर्गचा ‘ई.टी.’ होता. आणि दहा वर्षांनी त्याच स्पिलबर्गने ह्यांना बोलावून हे काम दिलं. मोठेपणा म्हणायचा!

एक प्रसंग सांगते. वीज गेलेली, जेवणघरात टेबलावर आइस्क्रीमचे डबे मांडलेले, आणि हे एकटे बसून खातायत. का, तर वितळतंय. नातवंडं बाहेर अंधारात कुठे आहेत पत्ता नाही आणि आजोबा एली ह्या शास्त्रज्ञ मुलीला तरुणपणी काढलेल्या पिसवांच्या सर्कशीची गोष्ट सांगतात. पिसवा नव्हत्याच, नुसते हलणारे पाळणे, पण मुलांना वाटायचं दिसतात. ह्या वेळी मात्र खरं काहीतरी दाखवायचं होतं, हाताला लागेल असं. मुलं मोजण्याच्या नादात हा प्रसंग तेव्हा माझ्या हातून पूर्ण सुटला होता.

तरी माफ नाही केलं मी त्यांना. पार्क सुरक्षित आहे हे गुंतवणूकदारांच्या वकिलाला पटवायचं, तर त्याच फेरीत स्वतःची नातवंडं पाठवायची? आम्ही सहलीची बससुद्धा आधी तपासून घ्यायचो.

रत्नागिरीजवळची वाडी, सध्या नवी मुंबई

आमच्याकडे गणपतीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे. रात्री आरती-भजन आटोपलं की मांडवात सिनेमा. बाहेर पाऊस, पडद्यावर पाऊस. शेळी बांधलेली दिसली तेव्हाच आजी म्हणाली, “तिला सोडा रे कुणीतरी.” मग गाडीच्या काचेच्या टपावर शेळीची तंगडी पडली आणि अर्धी वाडी उठून घरी गेली.

आता पाहिला तेव्हा घड्याळ लावून बसलो. टी-रेक्स येतो तो तासभर उलटून गेल्यावर. तोवर नुसतं हललेलं कुंपण, नाहीशी झालेली शेळी, आणि ग्लासातलं पाणी. त्या पाण्यातल्या गोल लहरी म्हणे गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून, ती छेडून काढल्या. मी स्टीलच्या पेल्याखाली मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून बघितलं. नाही जमत, लहरी वेड्यावाकड्या येतात.

पुणे, धागाकर्ता: पेल्याचा फोटो नको, विश्वास आहे.

वरोरा, भूगर्भशास्त्र शिकवते

तुम्ही सगळे दातांबद्दल बोलताय, मी शेणाबद्दल बोलणार आहे.

आजारी ट्रायसेराटॉप्स पडलेला असतो आणि एली सॅटलर त्याच्या शेणाच्या ढिगाऱ्यात खांद्यापर्यंत हात घालते, त्याने विषारी झाडाची फळं खाल्ली का ते बघायला. दहावीत असताना आम्ही मैत्रिणी तोंड झाकून ‘ईऽऽ’ करत होतो. पुढे एम.एस्सी.ला आम्हाला पिसदुऱ्याला नेलं. आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, वरोऱ्यापासून लांब नाही. काळ्या-तांबड्या रानात वाकून वाकून चालायचं आणि जमिनीवर बटाट्यासारखे, कधी रताळ्यासारखे दिसणारे गोळे बघायचे. कोप्रोलाइट. म्हणजे शेणाचा झालेला दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हातात घेतला तर वास नाही, काही नाही, थंड दगड. एका गोळ्यावर आतड्याच्या पिळासारखी घडी होती, त्यावरून अंगठा फिरवला आणि मला एकदम एलीचा तो खांद्यापर्यंत गेलेला हात आठवला.

ह्या पिसदुऱ्याच्या गोळ्यांत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि २००५ साली ते प्रसिद्ध झालं. त्याआधी समज असा, की गवत पसरलं ते डायनासोर गेल्यानंतर. आमच्या वऱ्हाडाच्या अलीकडच्या ह्या रानातल्या शेणाने सांगितलं की नाही, लांब मानेचे टायटनोसॉर गवतही खात होते. त्यामुळे आता सिनेमात सगळे आ वासून त्या उंच प्राण्याकडे बघत असतात तेव्हा माझी नजर त्यांच्या पायाखालच्या हिरवळीकडे जाते. तो ब्रॅकिओसॉरस फार आधीचा, त्याच्या काळात ती हिरवळ खोटीच. पण शेवटच्या डायनासोरांच्या वेळी तिची सुरुवात झालेली होती.

आणि हो, पार्कचं नाव ज्युरासिक, पण टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स, रॅप्टर सगळे त्यानंतरच्या क्रेटेशियस काळातले. महाराष्ट्रभर पसरलेला आपला काळा पाषाण ओतला गेला तोही त्याच शेवटच्या काळात. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात, मग लगेच विचारतात, “मॅडम, परीक्षेत येईल का?”

जर्मनी, मूळ कोल्हापूर, प्रयोगशाळेत

मी जीवशास्त्राकडे वळले ती ह्या सिनेमातल्या ‘मिस्टर डीएनए’ ह्या कार्टूनमुळे, हे मुलाखतीत कधी सांगितलं नाही, इथे सांगते. जुन्या डीएनएपासून डायनासोर कसे बनवले ते सांगणारा तोच भाग आता बघताना दात-ओठ खाते. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्याच्या हाडांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डीएनएचं अर्धआयुष्य सुमारे ५२१ वर्षं निघालं. म्हणजे त्यांनी मोजलेल्या मापाचे डीएनएचे तुकडे दर ५२१ वर्षांनी निम्मेच उरणार. इथे आपण कोटी कोटी वर्षांची बात करतोय. आणि रिकाम्या जागा भरायला बेडूक? पक्षी सोडून? कथेला बेडूक हवा होता, कारण पार्कात सगळ्या माद्याच, आणि काही बेडूक मादीचे नर होतात. कळतं मला, तरी चिडचिड होते.

पण सगळ्यात जास्त कशाने चिडले सांगू? नेड्री थंड कपाटातून भ्रूणांच्या नळ्या चोरतो तिथे थांबवून बघा. लेबलवर ‘स्टेगोसॉरस’चं स्पेलिंग चुकलेलं आहे. टायरॅनोसॉरसचंही. अहो, आमच्याकडे उणे ८० च्या फ्रीझरमध्ये चुकीच्या लेबलची एक नळी निघाली तर आठवडाभर अबोला असतो. ह्या लोकांकडून मी डायनासोर घेणार नाही.

ठाणे: मला नाही आवडला, तेव्हाही आणि आताही. माणसं सतत एकमेकांना व्याख्यानं देतात. हिंदी डबिंगमध्ये तरी मजा होती.

मुंबई, व्हीएफएक्स

ठाणेकरांना सोडून देऊ. मी हा सिनेमा कामासाठी फ्रेम-फ्रेम पाहिलाय, म्हणून ह्या वेळी ठरवून नुसता बघितला. १२७ मिनिटांत डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं, आणि त्यातलाही बराच भाग स्टॅन विन्स्टनच्या लोकांनी बनवलेली खरी, हलणारी बाहुली. बारा मीटरचा टी-रेक्स पावसात भिजला की त्याची फोमची कातडी पाणी प्यायची, जड व्हायची आणि तो थरथरायला लागायचा. मग टॉवेल घेऊन पुसायचा. आम्हाला मात्र पाऊस नंतर कॉम्प्युटरवर घालायची सवय झालीये.

आता माझं दुखणं. फिल टिपेट हे छोट्या पुतळ्यांना हलवून जिवंत करण्यातले उस्ताद. सिनेमातले पूर्णाकृती डायनासोर तेच करणार होते. कॉम्प्युटरवरची चाचणी बघितल्यावर ते म्हणाले, आता मीच नामशेष झालो. स्पिलबर्गने ते वाक्य उचलून सिनेमात घातलं: आपण बेकार झालो असं डायनासोरांचा अभ्यासक ग्रँट म्हणतो आणि गणितज्ञ माल्कम त्याला सुधारतो, ‘नामशेष’. कॉलेजात असताना मी ह्या किश्श्यावर पोट धरून हसलो होतो, कारण मी जिंकणाऱ्या बाजूला होतो. हल्ली आमच्या ऑफिसात दर सोमवारी नव्या एआय टूलचा डेमो असतो. ह्या वेळी त्या वाक्याला रिमोट हातात धरून बसून राहिलो.

टिपेट गेले मात्र नाहीत. प्राणी वजन कसं टाकतो, वळण्याआधी मान कुठे जाते, हे कॉम्प्युटरवाल्यांना माहीत नव्हतं. ते शिकवायला तेच राहिले, सांध्यांना सेन्सर लावलेले सांगाडे हाताने हलवून ती हालचाल कॉम्प्युटरमध्ये उतरवली गेली, आणि ऑस्करही मिळालं.

जाता जाता: टी-रेक्स गाड्यांवर हल्ला करतो तो प्रसंग डोळे मिटून ऐका. पार्श्वसंगीत नाही. जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असताना नाही! पाऊस, पत्रा, पोरांच्या किंकाळ्या, आणि ती डरकाळी, जिच्यात हत्तीचं पिल्लू आहे, वाघ आहे, मगर आहे.

पुणे, धागाकर्ता

काल रात्री लेकीने स्वतःहून पुन्हा लावला. पिसांचा विषय बंद. हेलिकॉप्टर बेटावर उतरतानाचा प्रसंग आला आणि ती म्हणाली, “मागे घे.” मागे घेतला. “परत.” ग्रँटला सीटचा पट्टा लावायचा असतो, पण हातात येतात ती दोन्ही टोकं खोबणीची. वायरमनच्या भाषेत दोन्ही फिमेल. बाकीच्यांचे पट्टे खटाखट लागतात, हा शोधत बसतो, आणि शेवटी दोन्ही टोकांची सरळ गाठ मारतो.

“सगळ्या माद्याच होत्या ना तिथे?” ती म्हणाली. “तरी अंडी झाली. ते ह्याने आधीच सांगितलंय.”

इतक्या वेळा पाहूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. ती मात्र पुढे सरकली होती. स्वयंपाकघराचा प्रसंग सुरू झाला तेव्हा तिच्याकडे पाहिलं, तर चिवड्याची वाटी बाजूला होती आणि पाय सोफ्यावर.