कोविडचा फटका: मुलगे आणि मुलींतला फरक मोजायचा कसा?

प्रश्न: पणजी-वास्कोतल्या १८ ते २९ वयाच्या मुलामुलींची पाहणी करतोय. 'नोकरी गेली का' एवढं विचारून भागेल?

उत्तर १: नाही. एप्रिल-जून २०२० मध्ये देशातल्या शहरांत बेरोजगारी दर पुरुष आणि स्त्रिया, दोघांचाही २१ टक्क्यांच्या आसपास होता. फटका सारखाच, असं वाटतं. पण काम शोधणंच सोडलेली मुलगी बेरोजगारांत मोजत नाहीत, ती श्रमशक्तीबाहेर, म्हणजे काम करणाऱ्या आणि शोधणाऱ्यांच्या मोजणीबाहेर जाते. म्हणून विचारा: काम होतं का? नसल्यास शोधत होता का? नसल्यास का? मार्च २०२०च्या आधीचं, त्या जूनमधलं आणि आजचं.

उत्तर २: गोव्यात जून घेऊ नका! पावसाळ्यात शॅक (किनाऱ्यावरची खानावळी झोपडी) एरवीही बंदच, हंगामी कामावरचे मुलगे उगाच 'कोविडचे बेकार' ठरतील. डिसेंबर २०१९ आणि डिसेंबर २०२० ताडून पाहा.

घरकामही मोजा. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. 'घरात मदत करता का?' याला सगळेच हो म्हणतात. त्यापेक्षा कालचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने भरून घ्या. २०२० साठी ते आठवणार नाही, तिथे फक्त रांधायचं कोण, आजाऱ्याजवळ बसायचं कोण, एवढंच.

उत्तर ३: मुलींना एकट्यानेच भेटा. आई किंवा सासू शेजारी असली की उत्तरं बदलतात.