झुरळ आणि मँटिस म्हणे चुलत भावंडं??

कढीपत्तावाला : इंदूर, राजेंद्रनगर. गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या काडीला वाळलेल्या फेसाचा खाकी गोळा चिकटलाय, थर्माकोलसारखा. आणि त्याच आठवड्यात सिंकखालच्या कपाटात काळपट डबी सापडली, राजम्याच्या दाण्यापेक्षा लहान. मुलगी नववीत आहे, ती म्हणते दोन्ही अंडीच आहेत बाबा, एक मँटिसची एक झुरळाची, आणि दोघं नात्यातले. आई म्हणते कायच्या काही, तो हिरवा हात जोडून बसणारा मँटिस कुठे आणि हे मोरीतलं झुरळ कुठे. फेकू का दोन्ही?

किडामुंगी : मुलीला शंभर मार्क. दोघांचा मूळ गट एकच, डिक्टिऑप्टेरा, आणि खूण तुम्हीच पकडलीत की, अंडी सुटी न घालता पाकिटात घालणं. मोठ्या तांबड्या झुरळाच्या, म्हणजे पेरिप्लॅनेटा अमेरिकानाच्या डबीत साधारण १४-१६ अंडी असतात, मँटिसच्या गोळ्यात शंभराच्या वर. (नाव अमेरिकाना, पण मूळचं आफ्रिकेचं, १७५८ साली लिनियस या शास्त्रज्ञाने नाव ठेवलं आणि तेच चिकटलं.) गंमत म्हणजे वाळवी पण याच खानदानातली, ती तर थेट झुरळांतूनच निघाली.

रामबागकर : मग मँटिसच घरात सोडा ना भिया, झुरळं साफ!

किडामुंगी : नाही जमत. मँटिस बसल्या जागी डोळ्यांनी शिकार हेरतो, त्रिकोणी डोकं इकडेतिकडे वळवून अंतराचा अंदाज घेतो, मग पुढच्या काटेरी पायांची झडप. झुरळ रात्री फटीतून निघतं आणि त्याच्या शेपटाकडे दोन काड्या असतात त्यांना हवेची झुळूक कळते, म्हणून तर चप्पल पोचायच्या आत ते पळतं, सेकंदाला दीडेक मीटर. मँटिसचा तसा कानही एकच, छातीखाली, रात्री उडताना वटवाघळाचा आवाज पकडायला. दोघांच्या ड्युट्याच वेगळ्या. आणि मँटिस काही संत नाही, मधमाश्या, फुलपाखरंसुद्धा खातो, पिल्लं एकमेकांनापण.

रामबागकर : हात जोडून बसतो म्हणून आपण फसतो 😅

किडामुंगी : गोळा काडीवरच राहू द्या, फक्त घरात आणू नका, नाहीतर एक दिवस पडद्यावर शंभर पिल्लं. डबी मात्र चिरडून टाका, नुसती कचऱ्यात टाकलीत तर तिथे फुटेल. बाकी बोरिक पावडर, कणीक, साखर यांच्या गोळ्या कपाटामागे ठेवा, लहान मुलं आणि कुत्रं-मांजर असेल तर जपून.

कढीपत्तावाला : डबी आईनेच चिरडली, चपलेने. पण गोळ्याजवळ आता मुलगी कोणाला पाणीसुद्धा घालू देत नाहीये, कढीपत्ता तोडायचा तरी कसा सांगा.