पेशंटचे रिपोर्ट नाहीत आणि सुई टोचली आहे. सकाळपर्यंत थांबू का?

रात्रपाळी: रक्त घेऊन सुई काढत होते, पेशंटने हात ओढला आणि सुई ग्लोव्हमधून थेट डाव्या तर्जनीत. रक्त आलं. धुतलं. फाइलला एचआयव्ही, हिपॅटायटिसचा एकही रिपोर्ट नाही. इन्चार्ज म्हणतात, "साहेब आले की बघू, आत्ता गवगवा नको." हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस शिकताना झालेत, टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्या त्याची तपासणी, कधीच केलं नाही. बाळ अंगावर पितंय, म्हणून जास्त भीती वाटते.

इन्फेक्शन कंट्रोलवाली ताई: अजिबात थांबू नकोस. कॅज्युअल्टीत जा, ड्यूटी डॉक्टरना उठव. एचआयव्हीची पीईपी, म्हणजे लागण टाळायला टोचल्यानंतर घ्यायच्या गोळ्या, जितकी लवकर तितकी चांगली, 72 तासांनंतर तिचा उपयोग धरत नाहीत. गोळ्या 28 दिवसांच्या, पण पेशंटची संमती घेऊन रॅपिड टेस्ट केली आणि ती निगेटिव्ह आली, तर बहुतेक वेळा तिथेच बंद करतात. बाळाचं आधीच सांग. अंगावर पाजतेस म्हणून गोळ्या नाकारायचं कारण नाही, रिपोर्ट येईपर्यंत पाजायचं की नाही तेवढं डॉक्टरांशी ठरव.

आता टायटर. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आधी एचआयव्हीचंच विचारतो. पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात साधारण तीन. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी मात्र शंभरात 6 ते 30 जणांना होऊ शकतो! तीन डोस झाले म्हणजे झालं, असं नसतं. काहींच्या अंगात अँटिबॉडी तयारच होत नाहीत. टायटर 10 च्या खाली आणि पेशंट पॉझिटिव्ह निघाला, तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन) आणि लस दोन्ही लागतात, शक्यतो 24 तासांच्या आत. हिपॅटायटिस सीला टोचल्यानंतर घ्यायचं औषध नाही. तिथे तपासण्या करत राहायचं आणि लागण झालीच तर उपचार. हल्ली तो गोळ्यांनी बरा होतो.

लॅबवाला: बोट पिळू नका, चोखू नका, स्पिरिट-ब्लीच ओतू नका. साबण-पाणी पुरे. फॉर्मवर "सुई टोचली" एवढंच खरडू नका. सुई पोकळ होती, शिरेतून नुकतीच काढलेली, किती खोल गेली, हे सगळं लिहा. जोखीम त्यावरच ठरते. आणि आजचं तुमचं स्वतःचं रक्त द्याच. लागण आधीची नव्हती हे उद्या दाखवायला तोच कागद लागतो.

सफाई सुपरवायझर: मध्येच विचारतो. आमच्या मावशींना कचऱ्याची पिशवी उचलताना मांडीत सुई गेली. कोणाची, देव जाणे. ती सुई लॅबला पाठवू का?

इन्फेक्शन कंट्रोलवाली ताई: नको दादा, सुई तपासत नाहीत. पिशवी कुठल्या वॉर्डातली, यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. मावशींना आत्ताच घेऊन जा. लस झालीय का त्यांची? हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान 7 दिवस तग धरतो. आमच्याकडे लसीच्या यादीत सफाईवाले नेहमी शेवटी, आणि पिशव्या उचलणार तेच. शिवाय पिशवीत सुई आली कुठून, हे त्या वॉर्डाला विचारा. तिथला शार्प्सचा, म्हणजे वापरलेल्या सुया-ब्लेड टाकायचा, डबा तोंडापर्यंत भरलेला असणार, पाऊण भरला की बदलायचा असतो.

रात्रपाळी: गेले. पहिली गोळी तासाभरात मिळाली. पेशंटचं एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्ही निगेटिव्ह, त्यामुळे गोळ्या बंद. सीचा रिपोर्ट यायचाय. टायटर मात्र 10 च्या खाली! लस घेतली, महिना-दोन महिन्यांनी परत टायटर. इन्चार्ज फॉर्मवर सकाळची वेळ टाक म्हणत होत्या. मी पहाटेचीच टाकली.