स्प्रिंकलरच्या पाइपात अँटिफ्रीझ भरावं का?

वाईचा_गारठा (धागाकर्ता)
महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी गोठवून ठेवायची तर खोली उणे १८ अंशांवर लागते, आणि शेजारची पॅकिंगची खोली शून्याच्या आसपास. अशा ठिकाणी आग विझवायची, पाण्याने भरलेली स्प्रिंकलरची लाइन चालत नाही. ४ अंशांच्या खाली तापमान जाणार असेल तर ती टाकूच नये, असं अमेरिकेचं मानकही सांगतं. एका ठेकेदाराचा सल्ला, "पाइपातल्या पाण्यात ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू न देणारा द्रव (अँटिफ्रीझ) मिसळा, विषय संपला."

माझं स्पष्ट मत, या फंदात पडू नये. ड्राय सिस्टीम बसवा. पाइपात दाबाची हवा असते, उष्णतेने स्प्रिंकलरच्या तोंडावरचा काचेचा बल्ब फुटला की हवा निघून जाते, व्हॉल्व्ह उघडतो आणि मग पाणी येतं. गोठायला आत काही नाहीच.

कोयनाकाठ
गोठायला काही नाही? कॉम्प्रेसरने ओढलेल्या हवेतली वाफ उणे १८च्या पाइपात जाऊन काय करते? बर्फाचा बूच बसतो. आग लागेपर्यंत कुणाला पत्ता नाही. ड्रायर लावलेला कॉम्प्रेसर किंवा नायट्रोजन, पाइपांना उतार, सगळ्यात खालच्या जागी साचलेलं पाणी सोडायचा कॉक, हे सगळं सांभाळणार कोण? शिवाय आगीपर्यंत पाणी पोचायला उशीर. पॅकिंगच्या छोट्या खोलीला एवढा पसारा कशाला? तिथे अँटिफ्रीझच बरं, हलणारा भाग एकही नाही.

सातारकर_शिकागोत
इथे इमारतींच्या देखभालीत आहे, म्हणून थोडं लिहितो. अँटिफ्रीझवाल्या लाइनी इथे बऱ्याच आहेत, पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

ग्लायकॉल आणि ग्लिसरीन दोन्ही जळतात. २००९ साली कॅलिफोर्नियातल्या ट्रकी गावी एका घरात स्वयंपाकाच्या आगीवर स्प्रिंकलर उघडलं. पाइपातलं मिश्रण फार तीव्र होतं, आग विझण्याऐवजी भडकली आणि एक जीव गेला. त्यानंतर प्रयोग झाले, नियम घट्ट झाले. आता कारखान्यातून तयार मिसळून आलेला द्रवच घ्यायचा, जागेवर बादलीत कालवायचा नाही. जुन्या सिस्टीमनाही मोजके अपवाद सोडून ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत मान्यताप्राप्त द्रवावर यावं लागलं.

दुसरं, दरवर्षी थंडीच्या तोंडावर नमुने काढतो. लाइनीच्या वरून वेगळा, खालून वेगळा, कारण नीट न मिसळलेलं जड मिश्रण तळाशी बसतं आणि वर नुसतं पाणी उरतं. मग वरचा पाइप फुटतो आणि खालचं मिश्रण जळण्याइतकं तीव्र होतं.

वाईचा_गारठा
म्हणजे दादा, माझंच खरं ना! ३० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल साधारण उणे १३पर्यंतच तग धरतं. उणे १८च्या खोलीसाठी प्रमाण वाढवायचं, आणि वाढवलं की तेच पेटणार.

कोयनाकाठ
अहो, मी उणे १८ची खोली म्हणतच नाही. शून्यावरच्या खोलीला कमी प्रमाण पुरतं. तुम्ही एका खोलीचा दोष दुसरीवर ढकलताय.

तासगाव_बेदाणा
दोघांनाही रामराम. मिश्रणाची तीव्रता मोजायचं यंत्र आमच्याकडे प्रत्येक द्राक्षबागायतदाराच्या खिशात असतं, साखर बघायचा रिफ्रॅक्टोमीटर. तत्त्व तेच, फक्त ग्लायकॉलची पट्टी वेगळी. ब्रिक्सचा (साखरेच्या पट्टीचा) आकडा ग्लायकॉलचा म्हणून वाचू नका.

आणि काही हुशार मंडळी गाडीचा कूलंट ओततात, तो बहुतेक इथिलीन ग्लायकॉल असतो, विषारी. लाइन पिण्याच्या पाण्याला जोडलेली असेल तर? सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचा) पाइप असेल तर प्रॉपिलीन ग्लायकॉलही चालत नाही, तिथे ग्लिसरीन.

वाईचा_गारठा
मुद्दा मोजण्याचाच आहे. आपल्याकडे २००६च्या अग्निप्रतिबंध कायद्याखाली परवानाधारक एजन्सी जानेवारी आणि जुलैत बी फॉर्म, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला देते. त्यावर सही आली म्हणजे पाइपाच्या वरच्या टोकाचा नमुना कुणी काढला, असं मला वाटत नाही.

कोयनाकाठ
मग ड्रायचा खालचा कॉक तरी कोण उघडणार, तीच एजन्सी? तुमची सिस्टीम बिघडली तर कंत्राटदाराचा फोन लागत नाही, माझी बिघडली तरी लागत नाही. फरक एवढाच, की माझ्यात बिघडायला कॉम्प्रेसर नाही.

सातारकर_शिकागोत
तरीही गोठणखोलीला ड्रायच घ्या, वाईकर म्हणतात तसं. पॅकिंगच्या खोलीबद्दल कोयनाकाठ यांचं पटतं, पण द्रव कुठला, किती लिटर, नमुना कुठल्या ठिकाणाहून आणि कोण घेणार, हे ठेकेदाराने लेखी दिल्यावरच. आणि प्रसरण टाकी विसरू नका, डिफ्रॉस्टच्या वेळी खोली तापली की द्रव फुगतो.

तासगाव_बेदाणा
प्रसरण टाकीचा भाव कुणाला माहीत आहे का?